१९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या शहरात शाळा-कॉलेजचं आयुष्य खरंच सिनेमात दिसतं तसं होतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या एकांकिकेचा नायक १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात शिकतोय. हॉस्टेल, हिरवळ, मोटारी, शनिवारचा फुटबॉल सामना हे सगळं त्याच्या वाट्याला आलं असेल का, असं तुम्ही विचारलंय. शहरातल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला ते आलं नाही. मी शिकागोपुरतंच सांगते, कारण तेवढंच मला जवळून माहीत आहे. १९७० च्या दशकात मी तिथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवायला लागले. माझ्याबरोबरचे बरेच शिक्षक याच शहरात, तुम्ही म्हणता त्याच काळात वाढलेले होते. दुपारी डबे उघडले की त्यांच्या शाळेच्या गोष्टी निघत. त्या ऐकून मी पुढे बरंच वाचत गेले.

नायकाचं नाव नंतर ठरवा, आधी त्याचं घर कुठल्या रस्त्यावर आहे ते ठरवा. त्या शिकागोत मुलगा कुठे शिकणार, वर्गात त्याच्या शेजारी कोण बसणार, शाळा सकाळची की दुपारची, हे सगळं रस्त्यावरून ठरत असे. जुन्या पुण्यात 'कुठल्या पेठेतले?' असं विचारलं की माणसाचा अर्धा परिचय व्हायचा, तसं तिथल्या कॅथलिक वस्त्यांत 'तुमचा पॅरिश कुठला?' असं विचारत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आयरिश, पोलिश, इटालियन अशा लोकांची आपापली चर्च होती आणि प्रत्येक चर्चला जोडून शाळा. शहरातल्या मुलांचा फार मोठा हिस्सा सरकारी शाळेत जातच नसे, तो या चर्चच्या शाळांत जाई. शिकवायला नन असत, फी अगदी कमी आणि वर्गात पन्नास-साठ मुलं. चर्चमधली प्रार्थना लॅटिनमध्ये. माझी एक सहकारी अशा शाळेत शिकली होती. चाळीस वर्षांची झाली तरी शब्दांची स्पेलिंगं ती नन म्हणून घेत त्याच चालीवर म्हणायची.

या शाळांबद्दल बोलताना १ डिसेंबर १९५८ टाळता येत नाही. पश्चिम भागातल्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेत, शाळा सुटायच्या थोडं आधी तळघरातल्या जिन्याजवळ आग लागली. धूर जिन्यातून थेट दुसऱ्या मजल्यावर चढला आणि वर्गांच्या बाहेरचा बोळच बंद झाला. ९२ मुलं आणि ३ नन गेल्या. शाळेत पाण्याचे फवारे नव्हते आणि शाळेचा धोक्याचा गजर अग्निशमन दलाशी जोडलेला नव्हता. हे बेकायदा नव्हतं, कारण नवे नियम जुन्या इमारतींना लागूच नव्हते. त्यानंतर देशभरच्या शाळांमधले आगीचे नियम बदलले. आमच्या शाळेत फायर ड्रिलची घंटा झाली की त्या पिढीचे शिक्षक एक शब्द न बोलता मुलांना रांगेत लावत आणि शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत दारात उभे राहत. तरुण शिक्षकांना सुरुवातीला त्याचं नवल वाटे. मग कुणीतरी त्यांना ती तारीख सांगे. तुमचा नायक कॅथलिक असेल आणि गोष्ट १९५८ च्या पुढे जाणार असेल, तर ही आठवण त्याच्या घरात असणारच.

सरकारी हायस्कूलचं जग वेगळं. उत्तरेकडे लेन टेक नावाची प्रचंड शाळा होती, त्या काळी फक्त मुलांची. मुलींना तिथे प्रवेश मिळाला तो १९७१ मध्ये. कॉलेजात जायचं त्या मुलाचंही हात काळे केल्याशिवाय शिक्षण पुरं होत नसे. सुतारकाम, ओतकाम, लेथ, छपाई सगळं शिकावं लागे. शाळेपासून थोड्याच अंतरावर रिव्हरव्ह्यू नावाचं मोठं करमणूक उद्यान होतं, लाकडी रोलर कोस्टरवालं. मुलांचं लक्ष कुठे असेल ते सांगायला नको. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, मुलं पास होऊन बाहेर पडत. त्यामुळे जुन्या शिकागोकरांना कुठल्या सालचे विचारलं की ते सालाबरोबर महिनाही सांगतात. हजेरीच्या वर्गाला तिथे 'डिव्हिजन' म्हणत, इतर ठिकाणी म्हणतात तसं 'होमरूम' नाही. संवादात हा शब्द घातलात तर जाणत्या माणसाला लगेच कळेल की मुलगा शिकागोचा आहे.

फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, मात्र होता, आणि जोरात होता. सरकारी शाळांचा विजेता संघ आणि कॅथलिक शाळांचा विजेता संघ यांची गाठ शहरातल्या सोल्जर फील्ड या मोठ्या स्टेडियमवर पडत असे. १९३७ च्या सामन्याला लाखाहून जास्त माणसं जमली होती असं मानतात. शाळकरी पोरांच्या सामन्याला! पन्नासच्या दशकात तेवढी गर्दी राहिली नव्हती, पण 'त्यांची शाळा' आणि 'आपली शाळा' ही ईर्षा तशीच होती.

आता शहराच्या दक्षिण भागाकडे या. पूर्वी शिकागोत कित्येक घरांच्या कागदपत्रांतच अट असे की हे घर कृष्णवर्णीय माणसाला विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टांना अमलात आणता येणार नाहीत, पण वस्त्या काही एका निकालाने बदलत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांमधून कृष्णवर्णीय माणसं येत राहिली आणि शहराच्या दक्षिण भागातल्या एकाच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने राहिली. त्यांची मुलं त्याच पट्ट्यातल्या शाळांत. त्यातली ड्यूसेबल हायस्कूल ही शाळा मला फार मोलाची वाटते. तिथे कॅप्टन वॉल्टर डायेट संगीत शिकवत. अतिशय कडक माणूस. शाळेचा बँड त्यांनी असा उभा केला की जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक त्यातून बाहेर पडले. गायक नॅट किंग कोलही त्यांच्याच हाताखालचा. ग्रिफिन १९४५ मध्ये शाळेतून निघाला तो थेट नामवंत जॅझवादक लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये वाजवायला. दर वर्षी 'हाय-जिंक्स' नावाचा कार्यक्रम व्हायचा, त्याच्या तिकिटांतून वाद्यांसाठी पैसे उभे राहत. १९५४ मध्ये याच शाळेचा बास्केटबॉल संघ राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला. सगळे खेळाडू कृष्णवर्णीय असलेला संघ इलिनॉयमध्ये तिथवर पहिल्यांदाच गेला होता. माउंट व्हर्नन गावाच्या शाळेकडून ते ७६-७० असे हरले. पंचांच्या निर्णयांबद्दल दक्षिण भागातली म्हातारी माणसं नंतर कितीतरी वर्षं बोलत होती, मी स्वतः ऐकलंय.

पण याच भागातल्या प्राथमिक शाळांत जागा पुरत नव्हती. मग दोन पाळ्या. काही मुलं सकाळी आठ ते बारा, काही बारा ते चार. त्याच वेळी काही मैलांवर गोऱ्यांच्या शाळांत वर्ग रिकामे पडलेले. बेंजामिन विलिस १९५३ मध्ये शहराच्या शाळांचे मुख्य अधिकारी झाले. त्यांनी नव्या शाळा भराभर बांधल्या, हे त्यांचं काम खरं आहे. पण मुलांना त्या रिकाम्या वर्गांत पाठवायला ते तयार नव्हते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गर्दीच्या शाळांच्या आवारात पत्र्याचे फिरते वर्ग आणून उभे केले. लोक त्यांना 'विलिस वॅगन' म्हणायला लागले. माझी एक सहकारी अशा वर्गात शिकली होती. हसतमुख बाई, पण त्या वर्गांचा विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा.

आणि २२ ऑक्टोबर १९६३ ला दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेलीच नाहीत. एका दिवसाचा बहिष्कार. मुलांना घरी बसवून ठेवलं नव्हतं. चर्चमध्ये, सभागृहांत 'फ्रीडम स्कूल' भरवून त्यांना त्यांचा इतिहास शिकवला. मला हा दिवस त्या शहराच्या शिक्षणातला सर्वांत मोठा दिवस वाटतो, आणि शिकागोबाहेर तो फारसा कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं. विलिस यांनी १९६६ मध्ये पद सोडलं.

कॉलेजबद्दल तुम्ही हॉस्टेलचं विचारलंय. कामगारांच्या घरातला मुलगा असेल तर तो घरीच राहून शिकला असणार. मिशिगन तलावात शिरलेला जवळपास एक किलोमीटर लांबीचा धक्का आहे, नेव्ही पिअर. युद्धात तिथे नौदलाचं प्रशिक्षण चाले. १९४६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने तिथे पहिल्या दोन वर्षांचं कॉलेज उघडलं, मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी. सरकार त्यांची वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरत असे आणि वर घरखर्चाला पैसे देई. एकट्या माणसाला आधी महिना ५० डॉलर होते, ते १९४८ पर्यंत ७५ झाले. गोदामासारख्या लांबच लांब इमारतीत वर्ग, खिडकीबाहेर मिशिगन तलाव, धुक्यात भोंगे वाजायला लागले की प्राध्यापकाने थांबायचं. एक तास या टोकाला आणि पुढचा त्या टोकाला असेल तर पळत सुटायचं. जानेवारीत तलावावरून येणारा वारा काय असतो ते मी भोगलंय, त्या धक्क्यावर तो कसा झोंबत असेल याची कल्पना करू शकते. मुलं कौतुकाने त्याला 'हार्वर्ड ऑन द रॉक्स' म्हणत. वर्ग झाले की बहुतेकजण कामाला जात, दुकानात, टपालखात्यात, गोदामात. माझ्या विभागाचे प्रमुख तिथलेच. शिकवताना ते वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सतत चालत असत.

दुसरं कॉलेज माझं सर्वांत आवडतं, रूझवेल्ट कॉलेज. त्याचा जन्म एका नकारातून झाला. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना चालवत असलेल्या कॉलेजचे अध्यक्ष एडवर्ड स्पार्लिंग यांच्याकडे विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या वंशाची आणि धर्माची आकडेवारी मागितली. कृष्णवर्णीय आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यासाठी ती वापरली जाईल हे स्पार्लिंग यांना दिसत होतं. त्यांनी ती दिली नाही, १९४५ मध्ये राजीनामा दिला आणि नवं कॉलेज काढायचं ठरवलं. प्राध्यापकांनी ६२ विरुद्ध १ आणि विद्यार्थ्यांनी ४८८ विरुद्ध २ मतांनी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. हातात ना इमारत, ना ग्रंथालय, ना पैसा. त्याच एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले, त्यांचं नाव कॉलेजला मिळालं. दोनेक वर्षांत कॉलेजने ऑडिटोरियम ही अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी बांधलेली जुनी भव्य इमारत घेतली. तिच्या रंगमंचावर युद्धाच्या काळात सैनिकांसाठी बोलिंग खेळायची सोय केलेली होती.

वेगवेगळ्या रस्त्यांवरची मुलं पहिल्यांदा एका बाकावर बसली ती अशा कॉलेजात. पोलिश पॅरिशमधला मुलगा, ज्यू दुकानदाराची मुलगी आणि दक्षिण भागातला कृष्णवर्णीय सैनिक एकाच टेबलावर कॉफी घेत आहेत, हे दृश्य तेव्हाच्या शिकागोत रस्त्यावर सहज दिसत नसे. हॅरल्ड वॉशिंग्टन युद्धावरून परत येऊन इथेच शिकला, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष झाला आणि १९४९ मध्ये पदवीधर झाला. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये त्याच्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता. १९८३ मध्ये तो शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला तेव्हा आमच्या स्टाफरूममधली रूझवेल्टची जुनी मंडळी रडली, तेही मी पाहिलंय.

शिकागो विद्यापीठात खरी हिरवळ आणि दगडी कमानी होत्या. पण सिनेमातला फुटबॉल तिथेही नव्हता, अध्यक्ष हचिन्स यांनी १९३९ मध्येच तो बंद केला होता. हायस्कूलची दोनच वर्षं केलेल्या हुशार मुलांनाही तिथे घेत. तुमच्या नायकाच्या घरची परिस्थिती तुम्ही लिहिली आहे तशी असेल तर तो तिथे फक्त शिष्यवृत्तीवर जाऊ शकेल.

मला विचाराल तर त्याला नेव्ही पिअरवरच ठेवा, कारण तिथे नाटक आपोआप आहे. पिअरवर दोनच वर्षं होती. पुढे पदवी हवी तर इलिनॉय विद्यापीठाच्या मुख्य आवारात, अर्बानाला जायचं, साधारण २२० किलोमीटर दूर, म्हणजे खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च आला, शिवाय घरातली एक कमाई बंद. नाहीतर शहरातल्याच खाजगी कॉलेजची फी भरायची. कित्येकांचं शिक्षण या वळणावर थांबलं. शहरात चार वर्षांचं सरकारी कॉलेज द्या म्हणून विद्यार्थी आणि पालक वर्षानुवर्षं मागणी करत होते. ते मिळालं १९६५ मध्ये, हॅरिसन आणि हॉल्स्टेड रस्त्यांच्या भागात. त्यासाठी तिथली इटालियन, ग्रीक, मेक्सिकन कुटुंबांची वस्ती पाडली. जेन अ‍ॅडम्स यांनी स्थलांतरितांसाठी काढलेल्या हल हाऊस या सेवाकेंद्राच्या तेरा इमारतींपैकी दोनच उरल्या. फ्लॉरेन्स स्काला नावाची तिथलीच एक बाई शेजारणींना घेऊन महापौर डेलींच्या कचेरीत ठाण मांडून बसली, सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि हरली. पिअरवरची मुलं ज्या कॉलेजची वाट पाहत होती, ते तिच्या वस्तीवर उभं राहिलं. तुमच्या नायकाची आत्या किंवा मावशी त्या रस्त्यावर राहत असेल, तर एकांकिकेचा दुसरा प्रवेश तुम्हाला तिथेच मिळेल.