परदेशी बँड विनिपेगला थांबावेत म्हणून काय करता येईल

तुमचा प्रश्न वाचला. युरोप-अमेरिकेतले मधल्या फळीतले बँड कॅनडात टोरोंटो, मॉन्ट्रियल, व्हँकुव्हरला वाजवून जातात आणि आपलं विनिपेग राहून जातं. तुम्ही पाच मित्र पदरचे थोडे पैसे घालायला तयार आहात, त्यातले दोघं मराठी मंडळाच्या कामात मुरलेले आहेत, तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. मी इथे बरीच वर्षं दीड-दोनशे माणसांच्या हॉलमधल्या कार्यक्रमांना हातभार लावतोय. दारावर तिकिटं तपासण्यापासून रात्री सामान उतरवण्यापर्यंत सगळं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा समोर घ्या. टोरोंटोहून विनिपेग रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटर आहे. त्यातला बराचसा रस्ता सुपीरियर सरोवराच्या उत्तरेच्या जंगलातून जातो आणि वाटेत बँडला थांबून वाजवण्यासारखी सडबरी, थंडर बे अशी दोन-तीनच गावं आहेत. पश्चिमेला रेजायना ५७० किलोमीटर, तिथून सास्काटून २६०, पुढे एडमंटन ५२०, मग कॅलगरी ३०० आणि रॉकीज ओलांडून व्हँकुव्हर आणखी जवळजवळ हजार. दक्षिणेला मात्र फार्गो साडेतीनशेच्या आसपास आणि मिनिॲपोलिस साडेसातशेच्या आत. अमेरिकेची हद्द तर शंभर-एकशेदहा किलोमीटरवर आहे. दौऱ्यावरच्या बँडच्या हिशेबात आपण टोरोंटोचे शेजारी नाहीच, मिनिॲपोलिसचे आहोत. त्यामुळे टोरोंटोला येणाऱ्या बँडच्या मागे लागण्यापेक्षा मिनिॲपोलिस आणि फार्गोला कोण येतंय ते बघत राहा. त्या हॉलची वेळापत्रकं सगळ्यांना खुली असतात.

आता बँडच्या बाजूने बघा. व्हॅनमध्ये पाच माणसं, रोजचं पेट्रोल, हॉटेल, जेवण. शुक्रवार-शनिवार मोठ्या शहरांनी आधीच उचललेले असतात. अडचण असते ती सोमवार ते बुधवारची. त्या दिवशी वाजवायला मिळालं नाही तर खर्च चालूच राहतो आणि कमाई शून्य. शनिवार मागायला गेलात तर तुमची गाठ शिकागोशी पडेल आणि तिथे आपला निभाव लागायचा नाही. मंगळवार मागा. आपल्या शहराचं कौतुक पत्रात कितीही लिहा, बँडचे कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटला दिसतो तो मिनिॲपोलिसचा रविवार आणि सास्काटूनचा गुरुवार यांच्यामधला रिकामा चौकोन. तो भरून देणारा माणूस त्याला हवाच असतो.

पत्र बँडला लिहायचं की एजंटला? बँड स्वतःच बुकिंग करत असेल तर बँडला, एजंट असेल तर फक्त एजंटला. निदान सहा महिने आधी लिहा, आणि 'तुम्ही याल का?' एवढंच विचारू नका. पहिल्याच पत्रात तारीख, हॉलचं नाव आणि क्षमता, तिकिटाचा दर, किती बिदागी नक्की देणार, खर्च निघाल्यावर वरच्या रकमेतला किती हिस्सा देणार, साउंड इंजिनियर कोण, ड्रम आणि अँप्लिफायर इथे मिळतील का, झोपायची सोय काय आणि ट्रेलर लावलेली व्हॅन रात्रभर कुठे उभी राहील, हे सगळं असू द्या. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सामानाने भरलेली व्हॅन फोडली जाण्याची भीती प्रत्येक बँडला असते. हिवाळ्यात आणखी एक: दक्षिणेकडून भाड्याने घेतलेल्या व्हॅनला सहसा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारं उपकरण, नसतं. उणे तीसमध्ये सकाळी ती सुरूच झाली नाही तर पुढचा कार्यक्रम गेला. म्हणून पहिली दोन वर्षं तरी एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच हंगाम धरा असं माझं ठाम मत आहे. आणि पत्र पाठवण्याआधी हॉलमध्ये ती तारीख 'होल्ड'वर घ्या, म्हणजे तात्पुरती राखून ठेवा. एजंटचं उत्तर आलं आणि तोवर हॉल दुसऱ्याने उचलला, तर तो पुन्हा तुमचं पत्र उघडणार नाही.

पैशांचं उदाहरण मांडतो. बिदागी ७५० अमेरिकन डॉलर धरा. एकास १.४० या दराने ती १,०५० कॅनडियन होते. हॉलचं भाडं ३५०, साउंड २५०, पोस्टर आणि दारावरचा खर्च १००, जेवण-मुक्काम २००. एकूण १,९५०. तिकीट २५ डॉलर ठेवलंत, तर त्यातले ३ टक्के संगीताच्या हक्कांपोटी सोकॅन या संस्थेला जातात, उरतात २४.२५. म्हणजे ८१ माणसं आली की खर्च भरून निघतो. (वर्षाची उलाढाल ३०,००० डॉलरच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, म्हणून तो इथे धरलेला नाही.) दीडशेच्या हॉलमध्ये मंगळवारी ८१ माणसं आणणं अवघड आहे, पण होतं. याच हिशेबात बिदागी दीड हजार अमेरिकन डॉलर केलीत, तर ८१ ऐवजी सव्वाशेच्या जवळ माणसं लागतात, आणि तिथे पाच मित्रांची मैत्री पणाला लागते. बिदागी अमेरिकन डॉलरमध्ये आणि तिकीटविक्री कॅनडियनमध्ये, हे विसरू नका. करार आणि कार्यक्रम यांत सहा महिने जातात, तेवढ्यात दर हलतो.

कायद्याबद्दल लोक उगाच घाबरतात, आणि घाबरायचं तिथे घाबरत नाहीत. २०१३ साली बार आणि रेस्टॉरंटमध्ये वाजवणाऱ्या परदेशी कलाकारांसाठी डोई २७५ डॉलर शुल्काचा नियम आला होता. छोट्या जागांचं कंबरडंच मोडलं असतं. बराच गदारोळ झाला आणि २०१४ मध्ये ठरावीक मुदतीच्या कार्यक्रमांसाठी ती अट गेली. जुन्या बातम्या वाचून आजही लोक मला त्याबद्दल विचारतात. ठरलेल्या कार्यक्रमापुरता येणाऱ्या आणि इथल्या कोणाच्या नोकरीत नसलेल्या बँडला साधारणपणे वर्क परमिट लागत नाही. मात्र सीमेवर दाखवायला तुमचं सही केलेलं पत्र, दौऱ्याच्या तारखा, वाद्यांची अनुक्रमांकांसह यादी आणि विक्रीच्या टी-शर्ट-रेकॉर्डची किंमत लिहिलेली यादी त्यांच्याजवळ असायलाच हवी.

खरी गोची दोन ठिकाणी होते. एक म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना गुन्हा. डिसेंबर २०१८ पासून कॅनडात तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो आणि त्यापायी बँडमधला एकच माणूस सीमेवर अडकू शकतो. ड्रमवाला अडकला तर बाकीचे चौघं येऊन काय करणार? हा प्रश्न एजंटला पहिल्या महिन्यातच सरळ विचारा, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. दुसरी गोष्ट कराची. परदेशी कलाकाराला इथे केलेल्या कामाचे पैसे देताना १५ टक्के कापून सरकारकडे भरायचे, हे देणाऱ्याचं काम आहे, म्हणजे तुमचं. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचे आणि वर्ष संपल्यावर फेब्रुवारीअखेर टी४ए-एनआर हा कराचा फॉर्म द्यायचा. वर्षभरात कॅनडात १५,००० डॉलरपेक्षा जास्त न कमावणाऱ्या स्वतंत्र कलाकाराला आर१०५-एस हा सोपा अर्ज भरून ही कपात टाळता येते, पण तो निदान महिनाभर आधी करावा लागतो. आधी सांगितलं नाही आणि रात्री अकरा वाजता १,०५० च्या जागी ८९२.५० हातात ठेवले, तर बँडला तुम्ही लबाड वाटणार. हे पहिल्या पत्रातच लिहा.

भारतातून कोणाला आणायचा विचार असेल तर एक फरक. युरोपियनांना बहुतेक वेळा ईटीए ही ऑनलाइन प्रवासपरवानगी पुरते, भारतीय पासपोर्टवाल्यांना रीतसर व्हिसा आणि बायोमेट्रिक्स लागतात. वर्क परमिट न लागणं आणि व्हिसा न लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे सहा महिनेसुद्धा कमी पडू शकतात.

आता तुमच्या मंडळवाल्या मित्रांकडे येतो, कारण तुमचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहेत. पुण्या-मुंबईहून गायक किंवा नाटक उत्तर अमेरिकेत येतं तेव्हा एकटं मंडळ त्यांचं विमानभाडं भरत नाही. कोणीतरी एक जण तारखांची माळ ओवतो, गावोगावची मंडळं आपापली तारीख घेतात, प्रवासखर्च वाटून घेतात आणि कलाकार कोणाच्या तरी घरी उतरतात. तुमच्या मित्रांना हे झोपेतसुद्धा येत असेल. बँडसाठीही हेच करा, फक्त जोडीदार वेगळे: रेजायना, सास्काटून, फार्गो, जमल्यास थंडर बे. एजंटला एका मंगळवारच्या पत्राऐवजी 'मंगळवार विनिपेग, बुधवार रेजायना, गुरुवार सास्काटून' असं एकत्र पत्र गेलं की उत्तर लवकर येतं.

पश्चिम कॅनडातले लोकसंगीत महोत्सव हेच करत आलेत. जुलैच्या सुरुवातीला विनिपेग, मग व्हँकुव्हर, कॅलगरी, ऑगस्टच्या सुरुवातीला एडमंटन, अशा एकापाठोपाठ एक शनिवार-रविवारच्या तारखा असल्यामुळे आयर्लंडचा किंवा मालीचा बँड एका विमानभाड्यात तीन-चार महोत्सव करून जातो. मधले वार मात्र रिकामे असतात! तिथे तुम्हाला संधी आहे. फक्त महोत्सवाच्या करारात आसपासच्या शहरांत ठरावीक काळ वाजवायची बंदी असते, ती आधी विचारून घ्या.

विनिपेगकडे याचा वारसाही आहे. इथला फोक फेस्टिव्हल १९७४ साली सुरू झाला. तो उभारणाऱ्यांपैकी मिच पोडोलॅक यांनी १९८७ मध्ये वेस्ट एंड कल्चरल सेंटर आणि २००७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर होम रूट्स ही लोकांच्या घरी होणाऱ्या मैफलींची साखळी सुरू केली. कलाकार एका गावातून दुसऱ्या गावात जातो, यजमान जेवण आणि पलंग देतो, शेजारीपाजारी दिवाणखान्यात बसून ऐकतात. आपल्या माणसांना परकी वाटेल अशी यातली एकही गोष्ट नाही.

युरोपियन बँडच्या बाबतीत एक ताजं कारणही आपल्या बाजूने आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ पासून कलाकारांच्या पी व्हिसाच्या अर्जाचं शुल्क ४६० डॉलरवरून १,६१५ वर नेलं (लहान संस्थांना काही सवलत आहे). वकील आणि युनियनचा खर्च वेगळा. त्यामुळे फक्त कॅनडाचा दौरा करावा का, असा विचार काही बँड करू लागलेत. अमेरिकेचा व्हिसा नसल्यामुळे त्यांना शिकागोमार्गे वाजवत यायचा रस्ता बंद असतो. त्यांना सांगा की टोरोंटोहून गाडीने येऊच नका, विमानाने विनिपेगला उतरा आणि इथून व्हँकुव्हरपर्यंत व्हॅन घ्या. आणि त्यांच्या देशाच्या संस्थांकडे प्रवासखर्च मागायला सांगा. कल्चर आयर्लंड, स्वित्झर्लंडचं प्रो हेल्वेशिया, म्युझिक नॉर्वे यांचं कामच ते आहे. त्या अर्जाला तुमचं निमंत्रणपत्र लागतं, म्हणून ते नीट लेटरहेडवर द्या. इथल्या फॅक्टरसारख्या निधीवर विसंबू नका, तो कॅनडियन कलाकारांसाठी आहे.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे: एक प्रकारचं संगीत धरा आणि सोडू नका. क्वेबेकमधलं व्हिक्टोरियाव्हिल हे छोटं गाव आहे. तिथे १९८३ पासून प्रायोगिक संगीताचा महोत्सव होतो आणि जॉन झॉर्न, अँथनी ब्रॅक्स्टन, फ्रेड फ्रिथ यांच्यासारखे नावाजलेले वादक तिथे येऊन वाजवून गेलेत. रुआं-नोरांडा हे मॉन्ट्रियलपासून सहाशेहून जास्त किलोमीटरवरचं खाणकामाचं गाव. तिथे २००३ पासून नव्या बँडचा महोत्सव भरतो आणि परदेशी पत्रकारही तिथे जातात. या गावांकडे आपल्याइतकी वस्ती नाही, आपल्याएवढा मोठा विमानतळ नाही. पण अमुक प्रकारचं संगीत तिथे मन लावून ऐकतात हे त्या वर्तुळातल्या प्रत्येक वादकाला माहीत आहे. तुम्ही एकदा मेटल, एकदा जॅझ, एकदा आयरिश असं केलंत तर दर वेळी ८१ नवी माणसं शोधावी लागतील.

तुमचं वर्तुळ आधीपासून इथे आहे. सीकेयूडब्ल्यू ९५.९ आणि यूएमएफएम १०१.५ या विद्यापीठांच्या रेडिओंवर तुमच्या प्रकारचं संगीत कोण लावतो ते ऐका आणि त्याला जाऊन भेटा. कॅम्पस रेडिओंचे चार्ट इअरशॉट या संकेतस्थळावर लागतात आणि रेकॉर्ड कंपन्या ते बघतात. तुमच्या बँडची रेकॉर्ड विनिपेगच्या चार्टवर दिसली तर एजंटला तुमच्या शब्दापलीकडचा पुरावा मिळतो. आधी वाजवायला स्थानिक बँड घ्या, आणि तोही त्याच प्रकारचा. त्यांचे चाळीस मित्र येतात आणि त्यांचे ड्रमही वापरायला मिळतात. विमानाने आलेला बँड गिटार आणि झांजा घेऊन येतो, बाकी सगळं इथे जमवावं लागतं. त्या स्थानिक बँडला पैसे द्या, 'संधी' देऊन भागवू नका. कार्यक्रम छापलेल्या वेळेला सुरू करा आणि साडेदहाला संपवा. दुसऱ्या दिवशी बुधवार असतो.

जेवणाबद्दल एक सांगतो. तीन आठवडे पेट्रोल पंपावरचे सँडविच खाऊन आलेल्या चार माणसांना आमच्या घरी एकदा वरण-भात, बटाट्याची भाजी आणि दही वाढलं होतं. ते आधी काहीच बोलले नाहीत, नुसते जेवत राहिले. मग त्यांच्यातल्या बासवाल्या मुलीने विचारलं, कपडे धुवायचं मशीन वापरू का? रात्री एकपर्यंत तळघरात मशीन चालू होतं. पुढच्या वर्षी त्यांच्याच ओळखीच्या दुसऱ्या बँडने आपणहून पत्र लिहिलं आणि त्यात वॉशिंग मशीनचा उल्लेख होता. हॉटेलचे दोनशे डॉलर वाचतात ते वेगळंच.

कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी एजंटला खरा हिशेब पाठवा: आगाऊ तिकिटं किती, दारावर किती, खर्च काय, बँडला काय दिलं. पडला असेल तरी खरा आकडा. विनिपेगमध्ये लोक तिकीट अगदी शेवटच्या दिवशी काढतात, हेही त्यात लिहा, म्हणजे पुढच्या वेळी आठवडाभर आधी वीसच तिकिटं विकलेली बघून तो घाबरणार नाही.

तुम्ही बघून ठेवलेल्या हॉलची क्षमता, भाडं, साउंड सिस्टिम त्यांची स्वतःची आहे का आणि कोणते वार मोकळे मिळतात, एवढं लिहून कळवा. शिवाय तुम्ही पाचही जण सध्या मनापासून काय ऐकता त्यातली तीन-तीन नावं द्या. एजंटला पाठवायच्या पहिल्या पत्राचा मसुदा त्यावरून करू.