हिरड्याच्या अर्काने चरबी घटली, की पेशीच मेल्या?

३टी३-एल१ पेशींतली (उंदराच्या, चरबीपेशी बनवता येणाऱ्या पेशी) चरबी हिरड्याच्या अर्काने ७० टक्के घटली, एमटीटीत (जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात, त्यावरून पेशी जिवंत आहेत का ते बघायची चाचणी) मात्र पेशी ठणठणीत, हे तुमचं वाचलं आणि आमचाच जुना घोळ आठवला. पेशी वाढवणं, डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) ०.१ टक्क्याच्या आत ठेवणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

आधी एक करा. पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), अर्क आणि एमटीटी घालून तीन तास ठेवा. जांभळं झालं, तर तुमचा आकडा फसवा आहे. हिरड्यातली टॅनिनं एमटीटीचं फॉर्मझान स्वतःच करून टाकतात. पेशी मेल्या तरी वेल जांभळीच. आमचे चार महिने यातच गेले. एमटीटीआधी पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) दोनदा धुवा, आणि तरीही ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या निळ्या रंगाने) मोजून घ्या. अर्क आठ दिवस देताय, मग २४ तासांची चाचणी काय कामाची? आठव्या दिवशी मोजा. ऑइल रेड ओचा (चरबीला लाल करणाऱ्या रंगाचा) आकडा शेजारच्या वेलमधल्या डीएनएने भागा.

अर्क कधी घातलात तेही लिहिलेलं नाही. आयबीएमएक्स (०.५ मिलिमोलर), डेक्सामेथासोन (१ मायक्रोमोलर) आणि इन्सुलिन (१० मायक्रोग्रॅम प्रति मिली) हे चरबीपेशी बनवणारं मिश्रण दिल्यावर पहिल्या दोनेक दिवसांत पेशी पुन्हा विभागतात. तिथेच अडल्या, तर पुढे चरबी धरणारच नाहीत. म्हणून दिवस ०–२, २–४, ४–८ असे वेगळे गट लावा. शेवटच्या गटात फरक नसेल तर ‘साठलेली चरबी वितळते’ असं कृपा करून लिहू नका.

ऑइल रेड ओ रंगाचं म्हणाल, तर साठवणीचं द्रावण ३ भाग, पाणी २ भाग, दहा मिनिटं ठेवून गाळायचं आणि लगेच वापरायचं. शिळ्या रंगात लाल खडे पडतात, आणि तेही चरबी म्हणून मोजले जातात.

हिरडा कुठला घेतलात? बाळहिरडा म्हणजे बी न धरलेलं कच्चं फळ, सुरवारी म्हणजे पिकलेलं; दोन्हींतली टॅनिनं सारखी नसतात. सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढा माल एकाच खेपेचा घ्या.

(मी वैद्य नाही. हे उंदराच्या पेशींपुरतं आहे, यावरून कुणी काढे सुरू करू नयेत.)

आणि नमुन्याची ओळख पटवून घ्यायला नुसती वाळकी फळं नेऊ नका. एका कार्यालयाने सात आठवडे ठेवून घेतली आणि ‘पानंफळांसकट फांदी आणा’ म्हणून परत दिली. तोवर झाडावर फळं कुठली!