मुलाची सूज उतरली आहे, आता स्टिरॉइडच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?

नाही, बंद करू नका. तुमच्या चार वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रोटीन जाण्याचा किडनीचा आजार) आहे आणि गोळ्यांनी त्याचा चेहरा फुगलाय, हे वाचून मला आमचे दिवस आठवले. ही चूक आम्ही केली होती.

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना सकाळी डोळे सुजून उठायची, दुपारपर्यंत सूज ओसरायची. ॲलर्जी समजून आठवडाभर डोळ्यांत थेंब घातले. मग एका संध्याकाळी तिचे मोजे काढले तर घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. लघवीत प्रोटीन चार प्लस, म्हणजे खूपच जास्त निघालं.

या आजारात किडनीची गाळणी सैल होते, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीवाटे जातं आणि पाणी अंगात साठतं. किडनी निकामी झाली असं नाही. या वयातल्या दहापैकी आठ-नऊ मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागू पडतं, म्हणून सहसा बायोप्सीही (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) न करता गोळ्या सुरू करतात. पहिल्या खेपेला साधारण ६ आठवडे रोज, किलोमागे २ मिलिग्रॅम, नंतर ६ आठवडे डोस कमी करून एक दिवसाआड.

आमची सूज दहा-बारा दिवसांत गेली. पण गाल फुगले, पोर सारखी खायला मागायची, चिडायची. पाचव्या आठवड्यात आम्ही आपल्या मनाने गोळ्या थांबवल्या. थोड्याच दिवसांत पुन्हा चार प्लस. डॉक्टर रागावले ते वेगळ्याच कारणासाठी: एवढे दिवस गोळ्या चालू असल्या की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. चेहरा मात्र डोस उतरला की पूर्ववत होतो, आमचाही झाला.

एक वही करा. रोज सकाळच्या पहिल्या लघवीत प्रोटीन तपासायची पट्टी बुडवायची, पिवळी राहिली की निल, हिरवी होत गेली की प्लस. तारीख, निकाल, गोळ्या, वजन लिहायचं. सलग तीन दिवस तीन किंवा चार प्लस आलं म्हणजे रिलॅप्स, आजार उलटला, सूज यायच्या आधीच फोन करायचा. बहुतेक मुलांना एखादा तरी रिलॅप्स येतो, बऱ्याचदा सर्दी-तापानंतर. वरचेवर यायला लागले तर लेव्हामिसोल, मायकोफेनोलेटसारखी दुसरी औषधं असतात.

ताप आणि पोटदुखी एकत्र आली, उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. कुठलीही लस देण्याआधी विचारा, मोठ्या डोसवर असताना जिवंत लसी (ज्यांत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात) देत नाहीत. मीठ सूज असेपर्यंत कमी. डाळ, अंडी बंद करायची गरज नाही, आमच्याकडे आजीने उगाच बंद केली होती.

लेक आता अकरा वर्षांची आहे, तीन वर्षांत रिलॅप्स नाही. चौथी वही कपाटात आहे, सर्दी झाली की मी अजून पट्टी बुडवते.