एमएसडब्ल्यूनंतर (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर) सामाजिक संस्थेसाठी निधी उभारणीत करिअर होतं का?

होतं. फक्त दारोदार पैसे मागणं म्हणजे हे काम, हा समज काढून टाका. निम्मा दिवस प्रस्ताव, अहवाल आणि देणगीदारांच्या एक्सेलमध्येच जातो. २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्चावे लागतात, म्हणून नीट प्रस्ताव लिहिणाऱ्याला मागणी आहे. विद्यापीठांत हेच काम माजी विद्यार्थ्यांशी चालतं. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आपल्या आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, पण त्याआधी ८५ कोटी दिलेच होते. एवढी नाती एका फोनवर जुळत नाहीत. फक्त मार्चमध्ये, करबचतीच्या मोसमात आठवण काढणाऱ्या संस्थेला देणगीदार बरोबर ओळखतो. छोट्या संस्थेत पगार बेताचाच, पण सगळी कामं अंगावर पडतात. सुरुवात तिथेच करा.