'उपजत'मध्ये 'जात' नाही

प्रश्न असा: 'उपजत' हा शब्द 'उप + जात' यांवरून आला का, मग 'उपजात' लिहिणं अधिक शुद्ध का, आणि 'जन्मजात'हून तो वेगळा कसा?

'उपजात' कृपा करून लिहू नका. उपजात म्हणजे पोटजात. आणि 'सरावाने उपजत कौशल्य मिळवा' हे शिबिरांच्या जाहिरातींतलं वाक्य ऐकून ऐकून तर कान किटले आहेत. सरावाने येते ती हातोटी, ते कसब. उपजत मिळवायचं कसं? ते असतं तरी किंवा नसतं तरी.

'उपजणे' म्हणजे उप + जन् (जन्मणे), असं ठामपणे सांगणारे जाणकार बरेच आहेत. गीतेतलं 'सङ्गस्तेषूपजायते' (तेषु + उपजायते) ते पुढे करतात. संस्कृतात ते क्रियापद आहेच, पण मराठीत ते या रूपाने उतरणं शक्य नाही. दोन स्वरांमधला एकटा 'प' मराठीपर्यंत टिकत नाही, त्याचा 'व' होतो: दीपचा दिवा, कपाटचं कवाड, तापचा ताव. खुद्द 'उप'चं काय होतं ते 'उपविशति'मध्ये बघा. त्याचं बैसणे झालं, पुढे बसणे, आणि 'प' पार नाहीसा झाला. 'उपजणे'त तो ठणठणीत आहे, कारण मुळात तो एकटा नव्हता, जोडाक्षरात होता: उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, मराठीत उपजे. 'द्य'चा 'ज' होतो हे अद्य–आज, विद्युत्–वीज यांत दिसतंच. तरी शंका असेल तर सख्खं भावंड हजर आहे: निष्पद्यते, निप्पज्जइ, निपजे. 'शेतात काय निपजतं', 'मुलगा गुणी निपजला'. इथे 'जन्' कुठून आणणार?

म्हणजे उपजत बुद्धी आणि आयकराच्या अर्जातलं 'उत्पन्न' एकाच धातूची लेकरं! पद् म्हणजे पाऊल टाकणे, उत्+पद् म्हणजे वर येणे, उगवणे. गवयाची 'उपज' हीच. घोटून आणलेली तान कितीही सुंदर असो, तिला कोणी उपज म्हणत नाही. गाता गाता त्या क्षणी सुचते ती उपज.

शेवटचा 'त' तर मला सगळ्यांत प्रिय. हसत, चालत, बोलत यांतलाच तो, म्हणून उपजत म्हणजे उपजताना. माझ्या मते हा शब्द मुळात गुण सांगत नाही, वेळ सांगतो. 'मूल उपजत गेलं' या जुन्या प्रयोगात ती वेळ स्वच्छ दिसते, आणि 'उपजतच' असा 'च' त्याला इतका सहज चिकटतो तोही त्यामुळेच. 'उपजत गुण' हे विशेषण त्यातूनच पुढे झालं असावं.

राहिलं 'जन्मजात'. व्यंग, आजार, हृदयाला असलेलं छिद्र यांना जन्मजात म्हणतात. समज, गळा, सुराची जाण यांना उपजत.