फॉलआउट 4 या गेमच्या सर्व्हायव्हल (सर्वात कठीण) मोडमध्ये स्क्रू आणि अ‍ॅडेसिव्ह कायम संपतात. कोणतं भंगार उचलावं, कोणतं सोडावं? बंदुका विकाव्यात की स्क्रॅप कराव्यात, म्हणजे मोडून घटक काढावेत?

"दिसेल ते उचला" हा सल्ला तुम्हाला आतापर्यंत मिळालाच असेल. तो नॉर्मल मोडचा आहे. सर्व्हायव्हलमध्ये वजनाची मर्यादा 75 अधिक स्ट्रेंग्थच्या दहापट. म्हणजे स्ट्रेंग्थ 5 असेल तर 125, त्यातही गोळ्यांचं वजन धरलं जातं आणि फास्ट ट्रॅव्हल नाही. तुमच्याकडे भंगार कमी नाही, तुम्ही चुकीचं भंगार वाहताय.

आधी टॅग लावा. वर्कबेंचवर ज्या मॉडला (बंदुकीला किंवा चिलखताला लावायच्या भागाला) स्क्रू कमी पडतायत तिथूनच तो घटक सर्चसाठी टॅग होतो, किंवा पिप-बॉयच्या (मनगटावरच्या संगणकाच्या) जंक टॅबमध्ये कंपोनंट व्ह्यू उघडून करा. मग ज्या वस्तूत तो घटक आहे तिच्या नावापुढे भिंग दिसतं. स्क्रू, अ‍ॅडेसिव्ह, अ‍ॅल्युमिनियम एवढेच टॅग ठेवा. सगळंच टॅग केलं तर भिंगाला काही अर्थ उरत नाही.

स्क्रूसाठी टेबल फॅन, टाइपरायटर, खेळण्यातली गाडी, पृथ्वीगोल. ऑफिसची इमारत दिसली की आत जा, सुपर म्यूटंट असले तरी. कप-बशा, राखदाण्या सोडा. टिन कॅन आणि अ‍ॅल्युमिनियम कॅन शेल्फवर शेजारीशेजारी असतात. टिनच्यातून नुसतं स्टील निघतं आणि स्टील तुम्हाला कधीच कमी पडणार नाही. सँक्च्युअरी या सुरुवातीच्या वस्तीतल्या मोडक्या गाड्या आणि पडकी घरं वर्कशॉप मोडमध्ये स्क्रॅप केलीत तरी सुरुवातीचं भागतं.

अ‍ॅडेसिव्ह शोधत फिरणं बंद करा, ते पिकवा. 3 मका, 3 मटफ्रूट, 3 टॅटो आणि 1 प्युरिफाइड वॉटर, कुकिंग स्टेशनवर व्हेजिटेबल स्टार्च, एका स्टार्चमधून 5 अ‍ॅडेसिव्ह. एक सेटलर (वस्तीतला रहिवासी) 6 फूडपुरतं शेत बघतो. मटफ्रूटचं झाड 1 फूड देतं, मका आणि टॅटो अर्धा-अर्धा. म्हणजे एका माणसाकडे मटफ्रूटची 6 झाडं, नाहीतर मका-टॅटोची 12. दोन सेटलर आणि एक वॉटर प्युरिफायर, विषय संपला. पिकं काढायला मात्र तुम्हीच वाकायचं, आणि काढलेला मका चुकून खाऊन टाकायचा नाही. डक्ट टेप आणि वंडरग्लू वाटेत मिळाले तर उचला, त्यांच्यासाठी मुद्दाम कुठे जाऊ नका.

भंगार हाताने तोडत बसू नका. वर्कबेंचमध्ये सगळं जंक टाकलं की क्राफ्ट करताना लागेल ते आपोआप तुटतं आणि उरलेले घटक तिथेच राहतात. बंदुका आणि चिलखतं अशी आपोआप तुटत नाहीत, ती स्वतः स्क्रॅप करावी लागतात. लोकल लीडर या पर्कने (पॉइंट देऊन घ्यायचं कौशल्य; करिश्मा 6 लागतो) सप्लाय लाइन जोडली की दुसऱ्या सेटलमेंटमधलं जंक क्राफ्टिंगला चालतं, पण ते तिथल्या बेंचमधून बाहेर काढता येत नाही. "माझं भंगार गायब झालं" अशा तक्रारी बहुतेक इथूनच येतात.

आता बंदुका. आमच्या ग्रुपमधला एकजण वर्षानुवर्षं सांगतोय की स्क्रॅपर पर्क म्हणजे पॉइंट वाया, कॅप्स (गेममधले पैसे) कमवा आणि शिपमेंट (व्यापाऱ्याकडचा घटकांचा घाऊक साठा) घ्या. सर्व्हायव्हलमध्ये ती शिपमेंट आणायला चालत जायचंय, चालत यायचंय, वाटेत मेलात तर शेवटच्या झोपेपासून पुन्हा. शिवाय स्क्रूची शिपमेंट स्वस्त नसते. स्क्रॅपरला इंटेलिजन्स 5 पुरते, आणि सायन्स पर्कसाठी 6 लागतेच, मग वाया काय गेलं? पहिल्या रँकला बंदुका-चिलखतांतून स्क्रू, अ‍ॅल्युमिनियम, कॉपर निघायला लागतात. रेडर्सच्या मॉड लावलेल्या पाइप गन, ज्या तो रस्त्यात टाकून पुढे जातो, त्याच तुमचा स्क्रूचा साठा. दुसरी रँक लेव्हल 23 ला, त्यात सर्किटरी आणि न्यूक्लिअर मटेरियलही.

स्क्रॅप करण्याआधी चांगला स्कोप किंवा सायलेन्सर दिसला तर त्याच्या जागी साधा मॉड बसवा. काढलेला मॉड तुमच्या खिशात येतो. थेट स्क्रॅप केलीत तर तोही गेला.

एक राहिलं: गेमवर मॉड्स (बंदुकीचे नव्हे, गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स) टाकले असतील तर आकडे बदलू शकतात, वरचे साध्या गेमचे आहेत. आणि विकायचंच असेल तर जड, भारी किमतीची एखादी कॉम्बॅट रायफल विका, तीही व्यापारी वाटेत असेल तरच. पाइप गन विकू नका, ग्रुपमधला तो काहीही म्हणो.