शस्त्र टाकलेल्या शत्रूला पेज वाढणे

युद्धात शत्रूवर दया करणारा सैनिक कर्तव्यात कसूर करतो का, आणि जखमी शत्रूमुळे आपली तुकडी अडकून पडत असेल तर त्याने काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी सैनिक नाही. परंतु याच प्रश्नावरून बाबा आणि थोरले काका आमच्या घरात तीस वर्षे भांडले, म्हणून लिहितो.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा मुक्त करायला आले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, लागून. पोर्तुगीज फौजेने माघार घेताना पूल उडवले, तेव्हा मागे राहिलेले दोन गोरे शिपाई 18 तारखेच्या रात्री आमच्या कुळागरात लपले आणि पहाटे बाबांच्या दृष्टीस पडले. शाळेत शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये बाबांनी त्यांना बंदुका खाली ठेवायला सांगितले, त्या भाताच्या कोठीत ठेवून कुलूप लावले, आणि मगच आईला पेज वाढायला सांगितली. उकड्या तांदळाची ती पेज निवण्याची वाटही न पाहता दोघे प्यायले, हे मला आजही आठवते. दुपारी बाबांनी त्यांना भारतीय सैन्याच्या हवाली केले. तिथल्या सुभेदारांनी आधी दोघांची झडती घेतली, मग स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले.

काका पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगातून सुटून आले, त्यांनी हे ऐकले आणि त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले नाहीत. पोर्तुगीज पोलिसांच्या माराचे वळ त्यांच्या पाठीवर होते, त्यामुळे त्यांच्या रागापुढे बाबा बहुतेक वेळा गप्प बसत. मी गप्प बसणार नाही. त्या दोघांना मारायला हवे होते असे मानणारे काका चुकले होते. शस्त्र टाकलेल्या माणसाला मारणे हे कर्तव्य नव्हे, गुन्हा आहे. 1949 चा जिनिव्हा करार युद्धकैद्याला माणुसकीने वागवायला बांधून घालतो, आणि भारताने तो स्वीकारलेला होता. गोव्यात पकडलेले हजारो पोर्तुगीज सैनिक मे 1962 मध्ये मायदेशी रवाना झाले, याने आपल्या फौजेची मान खाली गेली नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम दिला असताना गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि त्यापायी पुढे लष्करातून बडतर्फी सोसली. त्यांनी तो हुकूम पाळला असता तर आमच्या घराशेजारीही प्रेते पडली असती.

मात्र काकांचा एक मुद्दा मला मान्य करावाच लागतो. ते नेहमी कारवारजवळच्या, तेव्हा पोर्तुगीजांकडे असलेल्या अंजदीव बेटाचे नाव घेत. तिथे पांढरे निशाण दिसल्यानंतर किनाऱ्यावर उतरलेल्या आपल्या नौसैनिकांवर गोळीबार झाल्याचे आपल्या नौदलाच्या इतिहासात नोंदलेले आहे, आणि त्या बेटावर 7 नौसैनिक मारले गेले. म्हणून झडती आधी आणि पाणी नंतर, हा सुभेदारांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. हातात बंदूक असलेल्या शत्रूला सोडून देणे म्हणजे शेजारच्या जवानाचा जीव परस्पर देऊन टाकणे होय. जखमी शत्रूला सोबत न्यावे की मागे ठेवावे, हे मात्र ज्याने रणांगणावर तशी वेळ निभावली आहे त्यानेच तुम्हाला सांगावे. आमच्या कुळागरात आलेले ते दोघे धडधाकट होते.